गावाकडची धावपट्टी: आत जायचं का, कधी, कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शिवाराला लागूनच धावपट्टी आहे, ट्रेनिंगची विमानं दिवसभर डोक्यावर फिरत असतात. या विषयावर लिहायला लागल्यापासून बारामती, कराड, धुळे, लातूर, यवतमाळ अशा कुठून कुठून मेसेज येतात आणि नव्वद टक्के प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. कायद्याचं जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या साध्या नागरी धावपट्ट्यांपुरतं आहे. लष्कराच्या किंवा ओझरच्या एचएएलसारख्या जागांना हे लागू नाही, तिथे कुंपणाच्या जवळसुद्धा रेंगाळू नका. आणि तुमचा वाद आधीच कोर्टात असेल तर कागद वकिलाला दाखवा, माझ्या उत्तरावर जाऊ नका.

१. जागा सरकारी आहे, आपल्याच टॅक्सच्या पैशातून बांधलीये, मग आपल्याला आत बंदी का?

जागा सरकारची असली म्हणजे ती सगळ्यांना वापरायला मोकळी असं नसतं. महावितरणचं सबस्टेशन पण सरकारीच असतं, तिथे आपण फिरायला जात नाही. गोंधळ होतो तो लायसन्समुळे. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, विमानतळाला जे लायसन्स देतं त्यात 'सार्वजनिक वापर' आणि 'खासगी वापर' असे दोन प्रकार आहेत, आणि लोक म्हणतात बघा, सार्वजनिक लिहिलंय. पण त्याचा अर्थ कुणाचंही विमान तिथे सारख्या अटींवर उतरू शकतं एवढाच आहे, माणसांनी आत यावं असा नाही. प्रवासी विमानतळावरसुद्धा तिकीट असलेला माणूस टर्मिनलपर्यंतच जातो, रनवेवर कोणी पायी जात नाही.

२. तिथे दिवसभर चिटपाखरू नसतं. पाच मिनिटं आत गेलो तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, आवाज. लोकांना वाटतं विमान आलं की ऐकू येईल, बाजूला होऊ. पण ट्रेनिंगमध्ये इंजिन बंद पडल्यावर कसं उतरायचं याचा सराव रोजच्या रोज चालतो, त्यात पायलट मुद्दाम इंजिनाची पॉवर पार खाली आणतो आणि विमान जवळजवळ तरंगत खाली येतं. वारा उलटा असेल, कानात इअरफोन असतील, तर ते मागून आलेलं कळणार पण नाही.

दुसरी, वेग. सेसना १७२ सारखं चार सीटचं छोटं विमान उतरताना साधारण ताशी ११० ते १२० किलोमीटरने येतं, म्हणजे सेकंदाला तीसेक मीटर. नुसता रनवे ओलांडायला चालत्या माणसाला वीसेक सेकंद लागतात असं धरा, तेवढ्यात ते विमान सहाशे मीटर पुढे आलेलं असतं. आणि सहाशे मीटरवरून समोरून येणारं विमान आकाशात केवढंसं दिसतं ते एकदा कुंपणाबाहेर उभं राहून बघा, सहज नजरेतून सुटतं.

तिसरी, दिशा. विमान वाऱ्याच्या विरुद्ध उतरतं, म्हणून सकाळी पूर्वेकडून आलेलं विमान दुपारी वारा फिरला की पश्चिमेकडून येतं. 'विमानं इकडूनच येतात' ही गावातली समजूत धोक्याची आहे.

आणि चौथी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बऱ्याच छोट्या पट्ट्यांवर पूर्ण वेळ कंट्रोल टॉवर नसतो, रनवे मोकळा आहे का हे पायलटलाच बघावं लागतं आणि तो पायलट पुष्कळदा विशीतला मुलगा नाहीतर मुलगी असते, पहिल्यांदा एकटीने विमान उडवणारी, शेजारच्या सीटवर शिकवणारं कोणी नाही. तिला शेवटच्या क्षणी रनवेवर माणूस दिसला तर काय होईल? मोठ्या विमानांचं पण तेच होतं. १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात एअर इंडियाचं विमान टेकऑफच्या वेगात होतं आणि पुढे रनवेवर जीप अन् माणूस दिसला, पायलटने वेळेआधीच विमान उचललं, शेपटीकडचा भाग घासला गेला. विमान दिल्लीला सुखरूप उतरलं ते त्या पायलटच्या अनुभवामुळे. शिकाऊ मुलाकडून आपण तेवढी अपेक्षा ठेवायची का?

३. आमच्या गावाजवळची पट्टी नेमकी कोणाची आहे? कोणाशी बोलायचं?

हे आधी शोधा, बाकी सगळं त्यावर आहे. आपल्याकडे मालक वेगवेगळे आहेत, काही पट्ट्या भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या, काही महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या, काही एमआयडीसीच्या, काही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आणि शिरपूरसारखी एखादी खासगी संस्थेची. त्यात चालवणारा वेगळा असू शकतो, म्हणजे जमीन एकाची आणि त्यावर फ्लाइंग स्कूल दुसऱ्याचं. गट नंबर घेऊन ऑनलाइन सातबारा काढा, मालकाचं नाव कळेल. भाडेकरार कोणाशी झालाय ते माहिती अधिकारात विचारता येतं, दहा रुपयांचा अर्ज आहे. रोजच्या अडचणीसाठी मात्र फ्लाइंग स्कूलचा सेफ्टी ऑफिसर गाठा, मंत्रालयापेक्षा तो लवकर हलतो.

४. पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी पाच वाजता रनवेवर पळालो तर? तेव्हा विमान उडत नाही.

तुमची अडचण खरी आहे. तालुक्याला धड ट्रॅक नाही, रस्त्यावर पळायचं तर ऊसाचे ट्रॅक्टर, आणि समोर दीड किलोमीटर सरळ गुळगुळीत डांबर दिसतंय. तरीही नाही. उजाडायच्या आधी बहुतेक छोट्या पट्ट्यांवर उड्डाण नसतं हे खरं, पण मुलं पाचला येतात आणि निघेपर्यंत साडेसात वाजतात आणि पहिली सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, उजाडल्या उजाडल्या निघते कारण तेव्हा वारा शांत असतो. दुसरं म्हणजे मागे राहणाऱ्या वस्तू. पाण्याची बाटली, बुटाची खिळी, अंतर मोजायला ठेवलेला दगड. सन २००० मध्ये पॅरिसला कॉन्कॉर्ड कोसळलं, ११३ माणसं गेली, आणि त्याची सुरुवात रनवेवर पडलेल्या जेमतेम दीड फुटी धातूच्या पट्टीने झाली. छोट्या विमानाचा पंखा तर जमिनीपासून फूटभर उंचीवरच फिरत असतो, खडी उडाली तर आधी तोच खराब होतो.

यावर उपाय आहे आणि तो मागायला लाजू नका. रनवेच्या कुंपणाबाहेर, त्याच मालकाच्या जागेत, कडेने कच्चा ट्रॅक करून द्या असा ग्रामसभेचा ठराव करून द्या. पट्टीभोवती अशी पडीक जागा बहुतेक ठिकाणी असते. पोरांना हाकलून प्रश्न सुटत नाही, ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भगदाडातून येतात.

५. गुरं आत शिरतात. दंड होतो का? आणि चारा आतच आहे त्याचं काय?

गुरं रनवेवर म्हणजे थेट अपघात. ६ नोव्हेंबर २०१४ ला सुरतला स्पाइसजेटचं प्रवासी विमान टेकऑफ घेताना म्हशीला धडकलं होतं, प्रवासी वाचले, म्हैस गेली, इंजिनाचं नुकसान झालं. तिथे बोईंग होतं, आपल्याकडचं दोन सीटचं विमान असल्या धडकेत टिकणार नाही.

कायद्याने, मोकाट गुरं कोंडवाड्यात घालता येतात, १८७१ चा कॅटल ट्रेसपास ॲक्ट अजून आहे, सोडवून आणायला पैसे भरावे लागतात. जाणूनबुजून आत चरायला सोडली आणि त्यातून जीव धोक्यात आला तर मामला कोंडवाड्यावर थांबत नाही, प्रश्न ६ बघा.

चाऱ्याचं मात्र बोलता येतं. काही विमानतळ आतलं गवत कापून न्यायचा लिलाव करतात. गवत वाढू देणं त्यांनाही नको असतं, त्यात उंदीर होतात, उंदरांमागे घारी येतात. मालकाकडे अर्ज करा की कापणी आम्हाला द्या, उड्डाण नसलेल्या वेळेत, त्यांचा माणूस सोबत ठेवून. गुरं आत नेण्यापेक्षा चारा बाहेर आणणं केव्हाही बरं. आणि एखादं जनावर दावं तोडून आत गेलंच तर एकट्याने मागे पळू नका, आधी गेटवर नाहीतर फ्लाइंग स्कूलला फोन करा, ते रेडिओवर विमानांना थांबवतील, मग हाका. हा फोन नंबर प्रत्येक गुराख्याकडे हवा. पतंग, बॉल, ड्रोन आत पडला तरी हेच करायचं.

६. पकडलं तर नेमका काय गुन्हा लागतो?

परिस्थितीवर आहे. नुसतं चुकून आत गेलात, सांगितल्यावर निघालात तर बहुतेक वेळा समज देऊन सोडतात. गुन्हेगारी अतिक्रमणासाठी, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९, आत शिरण्यामागे गुन्हा करायचा, धमकवायचा, त्रास द्यायचा असा काहीतरी हेतू लागतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हेतू नव्हता म्हणून सुटलो असं समजू नका, कारण बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम १२५ आहे, तिथे हेतू बघत नाहीत. रनवेवर बाईकची रेस लावणं हे त्यात बसू शकतं. दिवे, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक, रेडिओची केबल यांना हात लावला तर आणखी वेगळं, विमान वाहतूक सुरक्षेचा १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो फार कडक आहे. तांब्याच्या लोभाने केबल कापणाऱ्यांनी हे वाचावं.

७. वॉचमनने मारलं, मोबाईल काढून घेतला. त्याला तो अधिकार आहे का?

नाही. तो तुम्हाला बाहेर जायला सांगू शकतो, पोलिसांना बोलावू शकतो. मारायचा, कोंडून ठेवायचा किंवा फोन जप्त करायचा अधिकार त्याला नाही, आणि असं झालं असेल तर सरळ पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तुम्ही आत गेला होतात म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क जात नाही. पण दुसरी बाजू पण लिहितो, दीड किलोमीटरच्या पट्टीला एकच वॉचमन असतो, हातात काठी अन् शिट्टी, विमान फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्याला, आलंय आणि समोर पोरं क्रिकेट खेळतायत, तेव्हा तो ओरडतो ते तुमच्याच जिवासाठी.

८. आमची वाट पट्टी व्हायच्या आधीपासून तिथून जाते. आजोबांच्या काळापासून. ती बंद कशी करतात?

सगळ्यात चिघळणारा विषय. कराडची पट्टी पन्नासच्या दशकात कोयना धरणाच्या कामासाठी झाली, गोंदियाजवळची बिरसी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली, म्हणजे किती पिढ्या गेल्या बघा, आणि पलीकडे शेत असलेला माणूस तेव्हापासून त्याच वाटेने जातोय.

इझमेंट ॲक्ट १८८२ प्रमाणे सलग वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर असेल तर वहिवाटीचा हक्क मिळतो, आणि जमीन सरकारची असेल तर तीस वर्षं लागतात. इथपर्यंत लोकांना माहीत असतं. पुढचं कोणी सांगत नाही. जमीन रीतसर भूसंपादनाने घेतली असेल तर ती सर्व बोज्यांपासून, म्हणजे दुसऱ्या कोणाच्याही हक्कांपासून, मुक्त होऊन सरकारकडे जाते, १८९४ च्या जुन्या कायद्यात तसं होतं आणि एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्यातही तसंच आहे. म्हणजे संपादनाच्या आधीची वाट सहसा तिथेच संपते. त्यामुळे संपादनाची तारीख आणि निवाड्याची प्रत हा पहिला कागद काढा. वाट संपादित क्षेत्राच्या बाहेरून जात असेल किंवा ती जागा कधी संपादितच झाली नसेल तर तुमची बाजू एकदम भक्कम होते.

दुसरा कागद म्हणजे भूमी अभिलेखचा गाव नकाशा. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात. ती रेषा असेल आणि कोणी वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाता येतं, फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेताला दुसरा रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली शेजारच्या बांधावरून रस्ता मागता येतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. रनवे ओलांडायचा हक्क जिंकूनसुद्धा तुम्ही रोज मुलांना शाळेसाठी तिथून पाठवाल का? भांडायचंच तर कुंपणाबाहेरून पक्क्या फेर-रस्त्यासाठी भांडा. दोन किलोमीटर जास्तीचं अंतर पडतं हे मान्य, म्हणून तो रस्ता मुरुमाचा नको, डांबरी हवा, आणि पावसाळ्यात बैलगाडी जाईल असा हवा. ही मागणी लेखी, ठरावासकट, जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.

९. कुंपण फुटलंय, भिंतीला भगदाड आहे. आमचं काम आहे का ते?

दुरुस्ती मालकाचं काम. सांगणं आपलं. फोटो काढा, जवळचा खांब नाहीतर गट नंबर लिहा, मालकाच्या ऑफिसला ईमेल आणि ग्रामपंचायतीला प्रत. भगदाड कोणी पाडलं यापेक्षा का पाडलं ते विचारा, तिथून वाट हवी असते म्हणूनच पाडलेलं असतं, आणि ती वाट दिली नाही तर भिंत परत पडणार.

१०. आमची पट्टी वर्षानुवर्षं बंद आहे. तिथे गाडी शिकलो, धान्य वाळत घातलं तर?

सांगलीजवळची कवलापूरसारखी पट्टी बघितली की हा प्रश्न पडणारच. विमान येत नसेल तर धडकेचा धोका नाही, पण जागा कोणाची तरी आहेच, परवानगी घ्या, तोंडी नको, लेखी. पक्कं बांधकाम, टपरी, गोठा अजिबात नको, सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली काढतात आणि खर्च तुमच्याकडूनच घेतात. आणि 'बंद' म्हणजे नक्की बंद का हेही तपासा. नियमित उड्डाण नसलेल्या पट्टीवर एखाद दिवशी पुढाऱ्याचं विमान नाहीतर रुग्णाला न्यायला एअर ॲम्ब्युलन्स येऊ शकते, आणि त्या रात्री सोयाबीन पसरलेलं असेल तर?

११. रील, प्री-वेडिंग शूट, ड्रोन?

आत जाऊन शूट करायला मालकाची लेखी परवानगी लागते, सरकारी विमानतळावर फोटोग्राफीला परवानगीचा नियम विमान नियम १९३७ मध्ये आहे. उभ्या विमानाच्या पंख्याजवळ पोज तर चुकूनही नको, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) चालू राहिला असेल तर हाताने हलवलेला पंखासुद्धा इंजिन सुरू करू शकतो, आणि फिरणारा पंखा डोळ्याला दिसतच नाही. स्वतःच्या शेतातून मोबाईलवर वरून जाणाऱ्या विमानाचा फोटो काढायला काही अडचण नाही.

ड्रोनचं वेगळं आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत काही ना काही बंधन आहे, जवळ पूर्ण बंदी, लांब उंचीची मर्यादा. डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपलं गाव लाल, पिवळं का हिरवं ते बघूनच उडवा. फवारणीच्या ड्रोनवाल्यांनी पण.

१२. माझं शेत कुंपणाला लागून आहे. मी आत जात नाही, तरी माझ्यावर बंधनं का?

कारण विमानाला कुंपण नसतं, ते तुमच्या ऊसावरूनच खाली येतं. पाचट पेटवलं की धूर पट्टीवर आडवा पसरतो आणि शिकाऊ पायलटला रनवे दिसत नाही. नांगरट चालली की मागे बगळ्यांचे थवे उतरतात, ती थांबवा असं कोणी म्हणत नाही, फक्त आदल्या दिवशी फ्लाइंग स्कूलला कळवा, ते त्या टोकाकडे जपून राहतात. मेलेल्या कोंबड्या, जनावरं, कचरा उघड्यावर टाकायला मात्र कायद्यानेच मनाई आहे, विमानतळापासून १० किलोमीटरपर्यंत, कत्तल आणि कातडी सोलणं पण त्यात येतं.

घर, टॉवर, चिमणी बांधायची असेल तर उंचीची एनओसी लागू शकते, बांधायच्या आधी चौकशी करा. सोलापूरला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा म्हणून किती वर्षं वादात होती आणि शेवटी १५ जून २०२३ ला पाडली, ते आठवा.

१३. आत रोही, काळवीट, मोर, रानडुकरं येतात. ती पण आम्हीच हाकलायची?

नाही, आणि कुत्री सोडून तर अजिबात नाही. ही जनावरं वन्यजीव कायद्यात येतात, वन विभागाला कळवायचं काम विमानतळाचं. धोका मात्र खरा आहे, डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईहून गेलेलं विमान जबलपूरला उतरताना रानडुकरांच्या कळपात घुसून रनवेबाहेर गेलं होतं. तुम्हाला कळप आत जाताना दिसला तर प्रश्न ५ मधला तोच फोन करा.

१४. मुलांना विमान दाखवायचंय. चोरून जायचं नाही, मग कसं?

शाळेच्या लेटरहेडवर फ्लाइंग स्कूलला पत्र द्या, बरीच ठिकाणं एखादा वार ठरवून हँगर दाखवतात, कॉकपिटमध्ये बसवतात. मला विचाराल तर प्रत्येक पट्टीने वर्षातून एक दिवस गावासाठी ठेवायला हवा. आयुष्यभर डोक्यावरून विमान जाताना बघितलेली पोरं एकदा तरी त्याच्याजवळ उभी राहू देत, नंतर ती कुंपण तोडत नाहीत.

१५. कुंपणाच्या आत आमचं देवस्थान आहे. जत्रेला तरी सोडतील का?

सोडू शकतात, ठरवून. तिरुवनंतपुरम हा आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण पद्मनाभस्वामींची आराट्टू मिरवणूक वर्षातून दोनदा थेट रनवेवरून समुद्राकडे जाते, तेवढे तास विमानं बंद ठेवतात आणि आधी नोटॅम काढून सगळ्या पायलटांना कळवतात. तिथे जमतं तर आपल्या छोट्या पट्टीवर चार तास का जमू नये? दोन महिने आधी अर्ज, माणसांची यादी, ठरलेली वाट, फटाके नाहीत, गुलाल आणि नारळ रनवेवर नाही, आणि निघताना पट्टी झाडून देण्याची जबाबदारी लेखी. रोज दिवाबत्तीला जाणारा पुजारी असेल तर त्याच्यासाठी पास मागा.

१६. विमान आमच्या शेतात पडलं तर? तेव्हा पण जवळ जायचं नाही का?

तेव्हा जायचं, माणूस वाचवायला. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात शिकाऊ विमान शेतात कोसळलं तेव्हा गावकरीच मदतीला धावले होते. मागच्या बाजूने जा, पंख्यापासून लांब, विडी-सिगारेट आणि शंभर मोबाईलवाले लांब ठेवा, पेट्रोल सांडलेलं असतं. ११२ ला फोन. माणूस बाहेर काढल्यावर कशाला हात लावू नका, अपघात चौकशीचे नियम आहेत, अवशेष हलवता येत नाहीत, तुकडा आठवण म्हणून घरी नेणं तर नकोच. पिकाच्या नुकसानीसाठी त्याच दिवशी फोटो काढा, पंचनाम्याची मागणी करा, बघ्यांनी तुडवलेलं पीकही त्यात लिहून घ्या.

१७. आमची पट्टी मोठी होतेय, प्रवासी विमान येणार म्हणतात. मग वाटेचं काय होणार?

अमरावतीला बेलोऱ्याला एप्रिल २०२५ मध्ये प्रवासी सेवा सुरू झाली, अशी बाकीच्या ठिकाणीही होईल. प्रवासी विमान आलं की नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे नियम येतात, तारेच्या जागी उंच भिंत, पास, सशस्त्र पहारा, आणि आजवर वॉचमनशी बोलून चालणाऱ्या गोष्टी एका दिवसात बंद होतात. म्हणून जे मागायचं ते भिंत उभी राहायच्या आधी मागा. मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस येईल त्या दिवशी गाव नकाशा घेऊन हजर राहा, वाट, ओढा, पाइपलाइन, स्मशान, देवस्थान सगळं मोजणी नकाशावर आणि पंचनाम्यात लिहून घ्या, लिहिलं नसेल तर सही करताना हरकत नोंदवा. भूसंपादनाच्या नोटिशीत हरकतीची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. फेर-रस्ता आणि ओढ्याचा मोरी-पूल हे भिंतीच्या टेंडरमध्येच घाला असा आग्रह धरा, नंतर वेगळा निधी मागत बसलात तर तोवर भिंत झालेली असते.